खुर्चीवरची नमाज

बोलताना 'हम' म्हणायची सवय असल्यामुळे मराठीत लिहायला बसलो तरी आमच्या लेखणीतून 'मी'ऐवजी 'आम्ही'च उतरते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. शिवाय ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे ते आमचे एकटीचे नाही. मोहल्ल्यातल्या घराघरात ते आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आम्ही जुन्या नाशकात राहतो. बी.एड. झाल्यापासून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दिवसभर फळ्यापुढे उभे राहायचे, संध्याकाळी रोट्या, रात्री वह्यांचे गठ्ठे. दोन वर्षांपूर्वी रमजानच्या आधी घराची झाडलोट काढली. गव्हाची कोठी सरकवताना कंबरेत अशी कळ आली की आम्ही खालीच बसलो. आठ दिवसांत उतरेल, असे वाटले. आठ महिने झाले तरी ती उतरली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "औरत की कमर तो दुखतीच है, बेटी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कंबरेला दुपट्टा आवळून त्यांनी सारी उमर काढली होती.

मग उपायांची रांग लागली. विटेचा शेक झाला, जैतूनच्या तेलाची मालिश झाली, दम केलेले पाणी झाले, हिजामा झाला. हकीमसाहेबांनी पाय उचलून पाहिला आणि 'इर्कुन्निसा' नाही, म्हणजे पायात उतरणारी नस धरलेली नाही, असे सांगितले. शेवटी हाडांच्या एका डॉक्टरांकडे गेलो. एमआरआय निघाला. शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी फुगली आहे, असे त्यात लिहिले होते. "वाकायचे नाही, जमिनीवर बसायचे नाही, काही उचलायचे नाही," एवढे सांगून त्यांनी पट्टा दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

आम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखे सगळे पाळले. वर्गात खुर्ची आली. पाच वर्षांची लेक हात पसरून धावत आली की आम्ही मागे सरकू लागलो. आणि एके दिवशी मुसल्ल्यापुढेही खुर्ची आली. आजाऱ्याला बसून नमाज पढायची सवलत आहे, हे आम्हीच मुलांना शिकवतो. तरी त्या दिवशी सलाम फेरल्यावर रडू आवरले नाही. पस्तिशीतच कपाळ जमिनीला टेकायचे बंद झाले होते. शौहर काळजीने म्हणाले, "नोकरी सोडून द्या." आमच्या घराण्यात बी.एड. झालेली पहिली मुलगी आम्ही. त्या पगाराची आणि त्या फळ्याची किंमत आम्हालाच ठाऊक. राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला होता.

शाळेतल्या एका बाजींनी तो पाहिला. त्या आम्हाला ओढतच सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथल्या ताई वयाने आमच्यापेक्षा लहान. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का? मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो का? पायातली ताकद कमी झाली का? ताप येतो, वजन घटते, रात्री पडूनही दुखणे वाढत जाते का? यातले एकही लक्षण असेल तर कसरत बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचे. पहिल्या तीन गोष्टींत तर एक दिवसही थांबायचे नाही. मणक्याचा टीबीही आपल्याकडे होतो, त्यात ताप आणि घटते वजन दिसते. आमच्यात यातले काहीच नव्हते.

मग त्यांनी विचारले, "तुमच्या शाळेची घंटा कधी अडकते का? तास संपतो, कळ सोडलेली असते, तरी ती वाजतच राहते?" आम्ही हसून हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "कोठी सरकवताना स्नायू लचकला असेल, तो केव्हाच भरून आला. घंटा मात्र अडकली आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारे दुखणे बहुतेक वेळा असेच असते. दुखणे खरे असते, पण आत अजून काही तुटते आहे असा त्याचा अर्थ नसतो. भीती, जागरण, काळजी आणि पडून राहणे यांनी ती घंटा आणखी जोरात वाजते."

"आणि ही फुगलेली गादी?" आम्ही विचारले.

"केस पिकतात तसे आहे ते."

आम्हाला पडताळून पाहायची खोड. घरी येऊन वाचले. 2015 मध्ये 33 अभ्यास एकत्र करून 3,110 माणसांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या होत्या. त्यांतल्या कुणाचीच पाठ दुखत नव्हती. तरी तिशीतल्या 40 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांची गादी फुगलेली होती! फिनलंडमध्ये 1995 साली हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी जे अंथरुणात पडून राहिले त्यांच्यापेक्षा जमेल तसे रोजचे काम करणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात दुखणे समजावून सांगणे आणि कसरत यांची शिफारस आहे. पट्टे आणि वजने लावून ओढणे सरसकट वापरू नये, असेही त्यात आहे. 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. आम्ही समजत होतो, नशीब आमचेच फुटके.

ताईंनी विचारले, "तुम्हाला सगळ्यांत जास्त काय करावेसे वाटते?" आम्ही म्हणालो, "सजदा." त्यांनी दिवसाचा हिशेब मांडायला लावला. नुसते फर्ज धरले तरी 17 रकात, म्हणजे 34 सजदे. त्या म्हणाल्या, "मग तीच आपली कसरत." नमाज खुर्चीवरच चालू राहिली. सराव वेगळा होता. पहिले दोन आठवडे पलंगाच्या काठावर हात टेकून वाकायचे, मग खुर्चीच्या बैठकीवर, मग पाटावर. थोडे दुखले तरी घाबरायचे नाही, फार दुखले तर एक पायरी मागे यायचे.

चालणेही सुरू केले. ईदगाहजवळच्या गोल्फ क्लब मैदानावर सुरुवातीला दहा मिनिटे, नंतर तीस. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेला एक अभ्यास 2024 मध्ये छापून आला. कंबरदुखीतून नुकते उठलेल्यांना तज्ज्ञाच्या सल्ल्याने चालायला लावले. त्यांच्यात दुखणे साधारण 208 दिवसांनी परतले, न चालणाऱ्यांत 112 दिवसांनी. त्यासाठी लागते ती फक्त चप्पल. बुरख्यात चालणाऱ्या आम्हाला पाहून पहिल्या आठवड्यात लोक वळून पाहायचे. आता आम्ही चौघीजणी जातो.

चौथ्या महिन्यात एका पहाटे फजरला खुर्ची बाजूला सारली आणि कपाळ जमिनीला टेकले. कंबर थोडी कुरकुरली. आम्ही उठायची घाई केली नाही. दुखणे अजून अधूनमधून येते, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत. पण आता ते आले की आम्ही झोपून राहत नाही आणि घाबरतही नाही. राजीनाम्याचा कागद फाडला, लेकीला कडेवर घेतो.

गेल्या महिन्यात पाटावर हात टेकून सराव करत होतो. सासूबाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बेटी, मेरे को भी सिखा. मेरी भी कमर दुखतीच है."

इतक्या वर्षांत आम्हीही त्यांना कधी विचारले नव्हते. आम्ही पाट त्यांच्यापुढे सरकवला, मग आठवले की सुरुवात पलंगापासून करायची असते. त्यांचा हात धरून त्यांना पलंगापाशी नेले.