गोळीबारामागचं गाणं

किल्ले धारूर, जि. बीड
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. अन्वीस,

त्या गेममधलं विमान मध्येच माणूस का होतं आणि शेवटी ते कुणाच्या जहाजात शिरतं, असं तू विचारलं होतंस. फोनवर तुझ्या आईच्या गप्पांत ते राहून गेलं. दोन्हीचं उत्तर नीट द्यायचं तर पत्रच हवं.

बीडच्या बाजारातून घेतलेल्या तुझ्या त्या हातातल्या गेममध्ये चारशे खेळ आहेत. बहुतेकांना आगा ना पिछा. तुझ्या या खेळाला मात्र मागं अख्खी गोष्ट आहे. त्याचं नाव मॅक्रॉस. नामकोनं तो तयार केला आणि बांदाईनं डिसेंबर १९८५ मध्ये जपानात बाजारात आणला, टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी. जुना आणि आकारानं अगदी लहान, म्हणून एका कॅसेटमध्ये पन्नास-शंभर गेम कोंबणाऱ्यांना तो फार सोयीचा पडला. नकली कॅसेटींतून तो आमच्या पिढीच्या टीव्हीपर्यंत पोचला आणि तिथून तुझ्या हातात. वाटेत गोष्ट गळून पडली. स्क्रीनवर नावांची यादी यायची, पण कोण कुणाशी कशासाठी लढतंय हे सांगणारं चिटोरंही सोबत नसायचं.

गोष्ट आहे जपानी टीव्हीवरच्या कार्टून मालिकेची. ३ ऑक्टोबर १९८२ ला ती सुरू झाली, एकूण ३६ भाग. दिग्दर्शक नोबोरू इशिगुरो. विमानाची कल्पना शोजी कावामोरीची, आणि तो तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता. मालिकेत एक प्रचंड परकं जहाज पॅसिफिकमधल्या बेटावर कोसळतं. माणसं दहा वर्षं खपून ते उभं करतात. पहिल्या उड्डाणाच्याच दिवशी ते शोधत झेन्त्रादी नावाचे धिप्पाड सैनिक येतात. सुटण्यासाठी जहाजाचा कप्तान एक इंजिन चालू करतो, क्षणात दूरच्या जागी नेणारं. जायचं होतं चंद्राच्या मागं, पोचतात प्लूटोपाशी. आणि एकटे नाही, बेटावरचं सगळं गाव बरोबर ओढलं जातं. वर ते इंजिनच नाहीसं होतं. आता साध्या वेगानं, कित्येक महिने, परत पृथ्वीकडं यायचं. मग लोक जहाजाच्या पोटातच रस्ते, दुकानं, घरं बांधतात.

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. आत्ता लिहिताना खालच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चाललेत. तुला माहीत आहे, आपल्या धारूर-वडवणी-केजकडच्या ऊसतोड टोळ्या या दिवसांत साखर कारखान्यांवर निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही पार कर्नाटकात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तिच्यामागं पोरं, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, कोंबड्या. मुकादमाची उचल घेतलेली असते, जाणं चुकत नाही. पण कारखान्याच्या आवारात कोप्या उभ्या राहिल्या की चुली पेटतात, कुणी किराणा मांडतं, कुणाचं बाळंतपण तिथंच होतं, बारसंही. मॅक्रॉस जहाजाच्या पोटातलं गाव मला तसं दिसतं: आपल्या मर्जीनं न निघालेलं, तरी जिथं थांबलं तिथं संसार मांडणारं. गेममध्ये हे गाव तुला कुठंच दिसणार नाही. त्यात फक्त विमान आहे आणि गोळ्या.

आता विमानाचं. त्याचं नाव वाल्किरी, आणि बरंचसं ते एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानासारखं दिसतं. झेन्त्रादी सैनिक साधारण दहा मीटर उंच असतात. अशा शत्रूशी जहाजाच्या बोळांत समोरासमोर भिडायचं तर पंख कामाचे नाहीत, हातपायच हवेत. म्हणून लांब जायला विमान, झुंजायला माणसासारखा रोबो, आणि या दोन्हींच्या मधलं एक रूप, ज्यात विमानालाच हातपाय फुटतात. ते मधलं रूप मला फार आवडतं. पक्ष्यासारखे मागं वाकणारे गुडघे, जमिनीलगत तरंगायची ताकद, आणि हात मोकळे, म्हणजे कुणाला उचलूनही घेता येतं.

आणि शेवटी तू ज्या जहाजात शिरतेस ते या झेन्त्रादींचं. तू त्याचा गाभा फोडतेस, की खेळ पुन्हा पहिल्यापासून, जरा अवघड होऊन. हे मला खटकतं, कारण मालिकेत युद्ध नुसत्या गोळ्यांनी सुटत नाही. झेन्त्रादींना लढाईपलीकडं काहीच माहीत नाही. त्यांच्यात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, बाजार नाही, गाणं नाही. त्यांचे तीन हेर माणसाएवढे लहान होऊन त्या गावात शिरतात. तिथं लिन मिनमे नावाची मुलगी आहे. तिच्या काका-काकूंचं चिनी हॉटेल आहे आणि ती गाते. हेर तिची बाहुली घेऊन परत जातात आणि सोबत्यांना गावाबद्दल सांगतात. हळूहळू सैनिक लढायला नको म्हणतात, काही जण येऊन त्या गावात राहायला लागतात. सत्ताविसाव्या भागात शत्रूचं महाप्रचंड आरमार पृथ्वी जवळजवळ जाळून टाकतं. तेव्हा मिनमे गाते, तिचं गाणं सगळीकडं ऐकवलं जातं, समोरचे सैनिक थबकतात, आणि त्या अवधीत बाकीचे वाचतात.

तू आवाज बंद करून खेळतेस ना? तो चालू कर. मागं सतत वाजणारी धून त्याच मिनमेच्या 'शाओ पाई लाँग' या गाण्याची आहे. गोष्टीतलं एवढंच गेममध्ये उरलंय. मालिकेत मिनमेला आवाज दिला मारी ईजिमानं, आणि तिची गाणीही तिनंच गायली.

तिकडं तुमच्या टोरांटोत मॅक्रॉस म्हणून फारसं कुणाला कळणार नाही. 'रोबोटेक' म्हण. १९८५ मध्ये अमेरिकेत कार्ल मेसेकनं ही आणि आणखी दोन वेगळ्याच जपानी मालिका जोडून ८५ भागांची एक केली, ती या नावानं. तिच्यावर २००२ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर गेमही निघाला, तोही असाच विमानातून गोळीबाराचा. पण तू आधी मूळ जपानी मालिकाच बघ, सबटायटल लावून. सत्ताविसाव्या भागाला थांबू नकोस. पुढचे नऊ भाग अनेकांना संथ वाटतात, मला मात्र ते फार मोलाचे वाटतात, कारण त्यांत जळालेल्या पृथ्वीवर माणसं आणि झेन्त्रादी एकाच गावात राहू बघतात. कुणाला नांदणं जमतं, कुणाला नाही. ते पाहून झालं की मला कळव. मिनमे शेवटी बरोबर वागली की नाही यावर तुझ्याशी बोलायचं आहे.

आजीनं शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर सांग.

तुझा,
मामा