पावलांचे छंदशास्त्र

बुलढाणा जिल्हा नकाशावर एकच दिसत असला, तरी तिकडच्या माणसाच्या बोलण्यात त्याचे दोन भाग असतात. एक घाटाखालचा आणि दुसरा घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा मुलूख. पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन, कापसाने लादलेली वाहने, मुंबईहून हावड्याला जाणारी रेल्वे आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी हवा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा. तिथे पैनगंगेचे पाणी, अजिंठ्याच्या डोंगरांची पाठ, थोडी गार हवा. आणि रेल्वेची शिट्टी ऐकायची तर घाट उतरून खाली यावे लागते. लग्नाच्या बोलाचालीत 'पोरगी घाटाखाली दिली' असे कुणी म्हणाले, की एवढ्या तीन शब्दांत पाणी, पीक आणि प्रवास यांची सारी हकीकत ऐकणाऱ्याला कळते.

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी अकोल्याहून एसटीने खामगावला आणि तिथून मेहकरच्या रस्त्याला लागलो. शेगावहून आषाढीला पंढरपूरला गेलेली गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर याच रस्त्याने येते. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव असे मुक्काम करीत ती शेगावी पोहोचते. त्यामुळे या रस्त्याकाठच्या गावांना चालणाऱ्या माणसांचे कौतुक नवीन नाही. मी गेलो तेव्हा सोयाबीन सोंगून झाले होते, शेताशेतांत सुड्या लागल्या होत्या, तुरीला पिवळा फुलोरा येऊ घातला होता आणि कपाशीत वेचणीच्या बाया वाकून चालल्या होत्या.

माझे काम मात्र लोणारचे सरोवर पाहण्याचे नव्हते. मी निघालो होतो ड्रम वाजवायला शिकायला!

वाचकांनी हसू नये. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यात छंदशास्त्र दरवर्षी येते. फळ्यावर लघू-गुरूच्या खुणा करायच्या, गण पाडायचे, यती कुठे येतो ते दाखवायचे, आणि मुलांनी ते सारे पाठ करून परीक्षेत उतरवायचे, असा हा संसार. एकदा मी 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र समजावून देत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या गावचे मेजर हेच काड्यांनी वाजवतात." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याच्याकडून गावाचे नाव घेतले आणि सुटी लागताच निघालो.

आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक मनुष्य मेजर असतो, मग तो कोणत्याही हुद्द्यावरून निवृत्त झालेला असो. हे मेजर मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीच्या पाइप बँडमध्ये साइड ड्रम वाजवीत आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. मराठा पलटणीची परंपरा १७६८ पासूनची, तिचे केंद्र बेळगावला. तिच्या जवानांची युद्धघोषणा शिवछत्रपतींच्या नावाची. आणि त्या छत्रपतींची माउली जिजाबाई १२ जानेवारी १५९८ रोजी याच जिल्ह्यातल्या सिंदखेडला जन्मली. त्यामुळे घाटावरच्या पोराला बेळगाव फार परके वाटत नाही. परके वाटते ते हे वाद्य. बॅगपाइप मूळचे आपले नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ पलटणी ते घेऊन हिंदुस्थानात आल्या, आणि गुरखा, शीख, गढवाली, मराठा अशा पलटणींनी ते उचलले. गढवाल-कुमाऊँकडे तर ते लग्नाच्या वरातीत शिरले आणि 'मशकबीन' होऊन बसले. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात सैन्याचे बँड वाजतात, तेव्हा ऐकणाऱ्यांचे लक्ष त्या पिशवीच्या सुरांकडे असते. त्या सुरांखाली जो ताशासारखा करकरीत नाद चाललेला असतो, तो साइड ड्रमचा. त्याच्या जोडीला मऊ आवाजाचा टेनर आणि पोटावर घ्यायचा मोठा बास ड्रम. एवढे तीन जातभाई मिळून पाइप बँडचा ताल होतो.

मेजर गावच्या शाळेत मुलांना हे शिकवतात. गावाने वर्गणी करून ड्रम आणले आहेत. पाइप दोनच, पण बँड म्हणायला हरकत नाही. मी पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणावर हजर झालो. मला वाटले, गळ्यात ड्रम अडकवतील. मेजरांनी माझ्यापुढे लाकडी पाट ठेवला. त्यावर जुन्या ट्यूबचे रबर ताणून खिळे ठोकले होते.

"हे काय?"

"ड्रम. चार महिने हाच."

विलायतेतही नवशिक्याला असाच रबराचा पाट देतात, हे मला माहीत होते. कारण साधे आहे. ड्रमचा मोठा आवाज हाताची लबाडी झाकतो. रबरावर दोन्ही हातांचे ठोके सारखे पडले की नाही, हे कानाला स्पष्ट कळते.

काड्या धरायचीही रीत असते. उजवी काडी हातोडीसारखी वरून धरायची. डावी मात्र तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात ठेवून, खालच्या बोटावर टेकवायची. दोन हातांना दोन न्याय का, असे मी विचारले. मेजरांनी एका मुलाच्या खांद्याला पट्ट्याने ड्रम अडकवून त्याला चालवून दाखवले. पट्ट्याला लोंबकळणारा ड्रम मांडीवर तिरपा बसतो, त्याची एक कड वर येते. वरून धरलेली डावी काडी त्या कडेला अडते. चालणाऱ्या माणसासाठी पडलेली ही पद्धत बसून वाजवणाऱ्यानेही पुढे चालू ठेवली. भाषेतही असेच होते. कारण निघून जाते आणि रूप राहते.

आणि मग मेजर म्हणाले, "आधी तोंडानं वाजवा, सर. हात मागून येतो."

मी काय म्हणायचे होते? 'ममी-डॅडी'! होय, हसण्यासारखेच आहे. पण हा त्या विद्येचा श्रीगणेशा आहे. 'म-मी' हे दोन ठोके उजव्या हाताचे, 'डॅ-डी' हे दोन डाव्या हाताचे. सावकाश म्हणत जायचे, हळूहळू वेग वाढवायचा. वेग पुरेसा वाढला की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत. मुगाच्या पोत्याला भोक पडावे तसा अखंड खळखळाट होतो. त्याला रोल म्हणतात. इंग्रज शिपायाने आपल्या पोराला ही अक्षरे शिकवली, त्याने हिंदी शिपायाला, आणि आज घाटावरच्या एका शाळेत बारा पोरे ओळीत बसून ती घोकतात.

दुसरा पाठ 'पॅराडिडल'. पॅ-रा-डि-डल अशी चार अक्षरे. उजवा, डावा, उजवा, उजवा. मग पुन्हा, पण हात उलटे: डावा, उजवा, डावा, डावा. हे ऐकले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला काय म्हणायचे होते, ते मला उमगले. आपल्या सूत्रात 'यमाता' हे य गणाचे नाव आहे आणि तेच त्याचे उदाहरणही आहे. लघू, गुरू, गुरू. नाव उच्चारले की लक्षण हातात येते. पॅराडिडलचेही तेच. नाव घेतले की ठोके वाजले! दूर देशींच्या दोन अनोळखी शिक्षकांना एकच युक्ती सुचली, कारण दोघांचा विद्यार्थी सारखाच विसराळू होता.

तिसरा पाठ 'फ्लॅम'. एक काडी वर, एक खाली. दोन्ही एकदम सोडायच्या. खालची केसभर आधी पोहोचते, वरची जोरात मागून येते. दोन ठोके, पण कानाला एकच जाड ठोका. मी म्हणालो, "हे जोडाक्षर आहे." मेजरांना ते आवडले. 'प्र' मधला अर्धा प जसा स्वतःची मात्रा न मागता पुढच्या अक्षराला चिकटतो, तसाच हा छोटा ठोका. पुढे 'ड्रॅग'मध्ये असे दोन छोटे ठोके चिकटतात. त्या दिवसापासून मुले फ्लॅमला जोडाक्षर म्हणू लागली, आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंना आनंद झाला.

कार्तिक लागण्याचे दिवस होते. गावच्या विठ्ठलमंदिरात कोजागिरीपासून काकडा चालू होता. पहाटे मृदंग वाजे. धा, दिं, ता असे बोल तोंडाने म्हणत म्हातारा मृदंगी पोरांना हात दाखवी. दोन तासांनी पटांगणावर 'ममी-डॅडी'. एकाच्या डाव्या पुडीला ओली कणीक, दुसऱ्याच्या चामड्याखाली ताणलेल्या तारा. पण दोघांचीही शाळा मुखाची. लिपी दोघांच्या नंतर आली.

चौथ्या दिवशी मला चालायला लावले. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावले आणि एक पाऊल ३० इंचांचे. हिशेब केला तर मिनिटाला शंभर यार्ड होतात. बँडची सुरुवात मोठी शिस्तीची. हुकूम झाला की साइड ड्रम तीन पावलांपुरता रोल वाजवतात, जरा थांबतात आणि पुन्हा तीन पावलांचा रोल देतात. तेवढ्या अवकाशात पाइपवाल्याने पिशवी फुगवायची, मोठ्या नळ्यांचा सूर लावायचा, आणि मग चालीला हात घालायचा. ड्रमवाला तीन पावलांत आपला जोर दाखवत बसला, तर पाइपवाल्याचा श्वास फुकट जातो. मेजर म्हणत, "आपून वाजवतो ते आपल्यासाठी नाई. दुसऱ्याच्या श्वासासाठी अन् पावलासाठी." छंदशास्त्रावरचे जे ग्रंथ माझ्या कपाटात आहेत, त्यांत यतीची व्याख्या याहून चांगली केलेली नाही.

या सगळ्यात बास ड्रमवर एक मुलगा होता. दहावीतला, अंगाने किरकोळ. ड्रम त्याच्यापेक्षा रुंद. तो फारच थोडे वाजवी. डावे पाऊल जमिनीवर पडेल त्या क्षणी एक ठोका, बस्स. साइड ड्रमची मुले घाईत आली, की त्याच्या ठोक्यापाशी येऊन आपोआप लगाम बसे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरचे सोयाबीन गेले, कर्ज राहिले आणि एका सकाळी बाप शेतातून परत आला नाही. त्यानंतर पोरगा महिनोन्‌महिने कोणाशी बोलेना. मेजरांनी त्याची समजूत काढली नाही. त्याच्या पोटावर बास ड्रम अडकवला आणि सांगितले, "तू थांबलास तर सगळे थांबतील." तेव्हापासून तो एकदाही गैरहजर नाही.

दिवाळीत त्याचा चुलता पुण्याकडून आला होता. मनुष्य वाईट नव्हता. स्वतः गॅरेजात राबत होता आणि पोराला बरोबर नेऊन कामाला लावायचे त्याने ठरवले होते. "वहिनीनं एकटीनं किती ओढायचं?" हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मेजर त्याच्याकडे बोलायला गेले नाहीत. मी जावे असे मला वाटले, तर म्हणाले, "सर, काहून घाई करता? पाडवा होऊ द्या."

पाडव्याला सकाळी बँड गावातून निघाला. दारोदार रांगोळ्या, गाईगुरांच्या शिंगांना रंग, पोरांच्या अंगावर शाळेचेच गणवेश पण धुतलेले. तीन पावलांचा रोल, शांतता, पुन्हा तीन पावलांचा रोल, आणि दोन पाइपांनी सूर धरला. मी पाट बगलेत मारून मागून चाललो होतो. मंदिराच्या वळणावर चुलता बँडच्या बाजूने चालू लागला. पुतण्याकडे पाहत होता, कपाळाला आठी होती. वीसेक पावलांनंतर माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. बास ड्रमचा ठोका पडे आणि त्याच्या डाव्या पायातली चप्पल जमिनीवर पडे. त्याचे त्याला ठाऊक नव्हते. शाळेच्या फाटकापर्यंत तो तसाच गेला.

बँड थांबला. त्याने पुतण्याच्या पोटावरून ड्रमचा पट्टा सोडवला, ड्रमचे वजन हातात तोलून पाहिले आणि मेजरांना म्हणाला, "मार्चपर्यंत राहू द्या. दहावीचा पेपर होऊ द्या. मग पाहू."

मार्चनंतर काय, ते कोणी विचारले नाही. मेजरांनी नुसती मान हलवली, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "उद्या सात वाजता. पाट घेऊन या."