ब्रेक ऑईलमधलं पाणी

आम्हा गोंयकारांना गाडीच्या ब्रेकची आठवण दोनदाच होते. एकदा अनमोडचा नाहीतर चोर्ल्याचा घाट उतरताना, आणि दुसऱ्यांदा वळणावर गाय आडवी आली की. एरवी गाडी सर्व्हिसिंगला दिली की आपण इंजिन ऑईल विचारतो, एसी विचारतो, बॅटरी विचारतो. ब्रेकचा विषय चाकातून चूं-चूं आवाज यायला लागल्याशिवाय निघत नाही.

माझ्या भाच्याला कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचं होतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे बरं का. पैसे भरायचे, आपलीच रोजची गाडी न्यायची, आणि ठरवून दिलेल्या वेळात ती बंदिस्त ट्रॅकवर पळवायची. नंबर नाही, चषक नाही. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, २००३ साली सुरू झालेला. भारतात शर्यतीच्या गाड्या घडवणारे एस. करिवर्धन १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात गेले, त्यांचं नाव या ट्रॅकला आहे.

भाच्याची गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट. पुढे डिस्क, मागे ड्रम. त्याच गाडीतून माझी बहीण फोंड्याच्या बाजारात जाते, सोमवारी मंगेशीला जाते. ट्रॅकवर पळणार तीच, आणि सुमारे नऊशे किलोमीटर परत येऊन शेवटी अनमोड घाट उतरणार तीही तीच. बहीण मला एवढंच म्हणाली, "तू त्याच्याबरोबर जा." मला काय, गाड्यांचं वेड नाही पण प्रवासाचं आहे. गेलो.

जायच्या पंधरा दिवस आधी आम्ही गाडी आमच्या मेस्ताकडे नेली. भाचा टायर आणि सायलेन्सरबद्दल भरभरून बोलत होता. मेस्ताने निमूट ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या डबीवर बोट ठेवलं. "बाब, हें ऑईल केन्ना बदल्लें?" भाचा गप्प. मेस्ताने पेनासारखं एक यंत्र डबीत बुडवलं. लाल दिवा लागला. "उदक आसा हांतूंत."

आपण ज्याला ब्रेक ऑईल म्हणतो ते खरं तर तेल नव्हेच. नेहमीच्या गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचं द्रव असतं, आणि त्याला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड असते. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. झाकण घट्ट लावलं तरी मीठ पाझरतंच. ब्रेकच्या रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून दमट हवा अशीच हळूहळू आत शिरते. डॉट ४ प्रतीचं नवंकोरं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३चे आकडे आणखी खाली, २०५ आणि १४०. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदला असं सांगतात. गोव्यात चार-चार महिने धो-धो पाऊस, तेव्हा आपण तर ही मुदत मुळीच लांबवू नये असं माझं मत.

आता १५५ अंश ऐकायला पुष्कळ वाटतात. पण हिशेब करून बघा. माणसासकट १००० किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली की सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि हे होतं दोन-अडीच सेकंदांत! यातली बहुतेक उष्णता चार चाकांतल्या लोखंडात जाते, त्यातही पुढच्या दोन डिस्कमध्ये जास्त. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरली तर अशा बारा ब्रेकांएवढी ऊर्जा होते. पण घाटात ती अर्ध्या तासात वाटली जाते आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनही बरीच जिरवतं. ट्रॅकवर बारा ब्रेक दोन-तीन फेऱ्यांतच मारून होतात. डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑईलमध्ये पोचते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ मात्र मजेत दाबली जाते. पाय सरळ तळाला.

मेस्ताने जुनं ऑईल काढायला घेतलं तेव्हा मला पेडलवर बसवलं. तो चाकाजवळ, हातात पाना आणि निपलला लावलेली नळी. "दाम... धर... सोड." अर्धा तास माझा पाय आणि त्याचा आवाज. नळीतून आधी कोऱ्या चहासारखं काळपट आलं, मग मधासारखं, मग स्वच्छ. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते त्याने कंपनीच्या पुस्तकात बघितलं, अंदाजाने नाही. हे मला आवडलं. पुढचे पॅड निम्म्याहून कमी उरले होते, तेही बदलले. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजली. रबरी नळ्या वाकवून भेगा पाहिल्या. नवे पॅड घेऊन थेट ट्रॅकवर जाऊ नको, आधी मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेग कमी कर पण गाडी पूर्ण थांबवू नको, मग थंड होऊ दे, असं भाच्याला बजावलं. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसायला हवा म्हणून. सायलेन्सरचं नाव कोणी काढलं नाही.

ट्रॅकवर सकाळी आयोजकांनी झेंडे समजावले. पिवळा दिसला की सावध, लाल दिसला की हळू होऊन पिटमध्ये परत. मी पिटमध्ये छत्री घेऊन बसलो. भाचा पाच-सहा फेऱ्या मारून यायचा, त्यातली शेवटची सावकाश, ब्रेकला जवळजवळ हात न लावता, कारण गाडी थांबली की वारा बंद होतो आणि साठलेली उष्णता आतल्या आत ऑईलकडे सरकते. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड. तापलेले ड्रम थंड होताना आकसतात आणि लायनरला धरून बसतात.

दुपारी केरळातून आलेल्या एका मुलाची गाडी सरळ रस्त्याच्या टोकाला वळलीच नाही. तशीच पुढे मातीत गेली. पेडल तळाला गेलं होतं. त्याने भराभर तीन-चारदा दाबून थोडा ब्रेक परत मिळवला म्हणून धुळीवर निभावलं. चेहरा पांढराफटक. पण खरी गोष्ट त्यानंतरची. अर्ध्या तासाने वाफ निवून पुन्हा द्रव झाली, पेडल पहिल्यासारखं कडक लागलं, आणि तो म्हणतो, "आता ठीक आहे, जातो." आयोजकांनी त्याला जाऊ दिलं नाही. ऑईल चार वर्षांपूर्वीचं होतं. पॅड तापून घसरायला लागले तर पेडल कडकच राहतं, गाडी तेवढी थांबत नाही, म्हणजे चालकाला थोडी तरी सूचना मिळते. ऑईलचं तसं नाही. भाचा त्या मुलाशेजारी बराच वेळ उभा होता. परत आल्यावर त्याने शेवटची फेरी सोडून दिली. मी कारण विचारलं नाही.

संध्याकाळी तिथेच चाकं काढून पाहिली. पॅड चांगलेच झिजले होते आणि त्यांच्यावर काचेसारखी झिलई आली होती. मेस्ताने डिकीत जादा पॅड आणि नव्या ऑईलची बाटली टाकून दिली होती. रात्रीच पॅड बदलले, पुन्हा "दाम, धर, सोड", या खेपेला पेडलवर भाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सालेमच्या वाटेवर मोकळा रस्ता बघून नवे पॅड बसवून घेतले.

अनमोड घाटात तो आधीच खालच्या गिअरमध्ये आला. पुढच्या ट्रकच्या लायनरचा जळका वास खिडकीतून येत होता, म्हणून अंतर ठेवलं. मोलेंला पोचल्यावर उतरून त्याने पुढच्या चाकापाशी हात नेला, न लावता, लांबूनच. मग आईला फोन केला की तासाभरात येतो, जेवण ठेव.