सरपणाची मोळी

शिबिराच्या यादीत ‘सरपण’ मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, बॅटरीचे सेल आणि सुतळीच्याही खाली. यादीतलं बाकी काही आठवलं तर बरं वाटतं. सरपण आठवलं की अजून डोकं तापतं.

आमची चाळ गिरगावात, फणसवाडीत. गणपती आणि सत्यनारायण झाले की जानेवारीत मंडळ मुलांसाठी काहीतरी करतं. यंदा त्यांना शनिवार-रविवार रानात न्यायचं ठरलं. रिसॉर्ट नको. ताडपत्रीखाली झोपायचं, चुलीवर रांधायचं, दोर वळायचा, काडेपेटीशिवाय विस्तव करायचा. हल्ली याला बुशक्राफ्ट म्हणतात. शिकवायला दादरचा एक तरुण प्रशिक्षक मिळाला. जागा ठरली कर्जतच्या आत, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याला, भात कापून झालेलं एक खाचर. ते मालकीचं असायला हवं होतं, कारण राखीव जंगलात विस्तव पेटवणं 1927च्या वन कायद्याने गुन्हा आहे. शाळेत मी गाइडमध्ये होते, रीफ नॉट आणि बोलाइन अजून हाताला आठवतात, म्हणून तयारी माझ्याकडे आली.

प्रशिक्षकाने सामानाची यादी पाठवली तेव्हा पालक हबकले. फायर स्टील, हॅमॉक, पॅराकॉर्ड, कॅम्पिंगचा चाकू. ज्या घरात दोन मुलं, तिथे हा खर्च कुणी करायचा? मी यादी घेऊन बसले आणि निम्मी खोडली. हॅमॉकच्या जागी सतरंजी आणि सोलापुरी चादर. ताडपत्र्या मशीद बंदराकडून, दोर नागदेवी स्ट्रीटवरून. गॅसची छोटी डबी आणू नका असं मी प्रत्येक पालकाला बजावलं. लोकलमध्ये स्फोटक, ज्वालाग्राही सामान नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लोक ते खुशाल पिशवीत टाकून नेतात. गॅलरीच्या कठड्यावर मुलं रोज संध्याकाळी गाठींचा सराव करायची. सापांची चौकशीही करून ठेवली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठी आपण लहानपणापासून ऐकतो. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय जागेपासून किती अंतरावर, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे सगळं लिहून घेतलं. शिबिर काढणाऱ्याने एवढं करायलाच हवं.

मग जागा बघायला आम्ही तिघं गेलो. बघून झाल्यावर पाड्यावरच्या एका ठाकर आजींशी बोलणं झालं. दोन दिवसांचं सरपण त्या देणार होत्या, वाळकी कारवी आणि पडलेल्या ऐनाच्या फांद्या, मोळीला दीडशे रुपये. आजींनीच विचारलं, ‘‘चूल किती मोठी मांडनार, बाई?’’ आणि माझं उत्तर ऐकून म्हणाल्या, ‘‘मग सावरीचं आनत न्हाई. ते नुसतं भुरूभुरू जळतं.’’

आम्ही रस्त्यावर टमटमची वाट बघत थांबलो होतो. थोड्या वेळाने त्याच आजी रानातून उतरल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घरच्या चुलीसाठी मोळी. मोटारसायकलवरून खाकी कपड्यातला एक माणूस आला आणि त्याने त्यांना थांबवलं. ‘‘ए म्हातारे, उतरव ते.’’ आजींनी मोळी खाली ठेवली. त्याने ती पायाने लोटली, बसून काड्या उलट्यासुलट्या केल्या. एकही ओली काडी निघाली नाही. मी दोन हातांवर उभी होते, मला दिसत होतं. कारवीच्या काठ्या हाडासारख्या वाळलेल्या, ऐनाच्या फांदीची साल सुटलेली. मग त्याने मोळी ज्याने बांधली होती त्यावर बोट ठेवलं. उक्षीची वेल होती. हिरवी. ‘‘हे काय? ओलं तोडलंस ना?’’

मोळी बांधायला वेल ओलीच लागते. वाळकी वेल पिळली की तुटते. हे ज्याला माहीत नाही त्याने रानाच्या वाटेवर पहारा करू नये, आणि ज्याने माहीत असूनही ते बोट ठेवलं असेल त्याच्याबद्दल काय बोलावं? माझ्या मते त्याला माहीत होतं. तो त्याच भागातला होता, बोलण्यावरून कळत होतं. त्याच्या आईनेही कधी उक्षीनेच मोळी बांधली असेल.

आजींनी काही वाद घातला नाही. तो कोयता मागू लागला, त्यांनी कमरेच्या आकडीतून काढून दिला. मी पुढे झाले. म्हटलं, ‘‘साहेब, कोयता घेताय तर पावती द्या.’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही पाहुणे आहात. मध्ये पडू नका.’’ अगदी सौजन्याने म्हणाला. मला ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’, आजींना ‘म्हातारे’ आणि ‘तू’. पावती दिली नाही. मोळी रस्त्याच्या कडेला टाकायला लावली आणि कोयता घेऊन गेला.

आजी म्हणाल्या, ‘‘कोयता माझा नव्हता. सुनेचा व्हता.’’ आणि मोळी न उचलता पाड्याकडे चालू लागल्या. त्या रात्री त्यांच्या घरी चूल कशावर पेटली? उज्ज्वला योजनेचं सिलिंडर घरात होतं, आम्ही पाहिलं होतं. रिकामं, त्यावर कपडे वाळत घातलेले.

परत येताना जागेच्या मालकाला फोन केला आणि घडलेलं सांगितलं. ते हळहळले आणि लगेच म्हणाले, ‘‘लाकडाचं टेन्शन घेऊ नका. एक फोन केला की टेंपो येतो. अडीच हजारात दोन्ही रात्री मोठी शेकोटी पेटेल. इथले सगळे फार्महाऊसवाले त्याच्याकडूनच घेतात.’’ टेंपोतलं लाकूड कसलं असतं, विचारलं. ‘‘आंबा, ऐन, जांभूळ, जे मिळेल ते.’’ ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला राज्यात 1964च्या कायद्याने परवानगी लागते. टेंपोवाल्याला ती कुणी विचारली का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. डोक्यावर येईल तेवढं वाळकं लाकूड म्हणजे चोरी, आणि टेंपोभर ओंडके म्हणजे सोय. हे मी चाळीच्या बैठकीत बोलले तेव्हा आवाज चढला होता. शिबिर रद्द करा, असंही मी म्हणाले.

तळमजल्यावरच्या काकांनी मला थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाने मोळी आणली तर डोंगर बोडका होईल. काकांचा जीव झाडांत आहे, त्यांना मी मानते. पण गिरगावकरांनी हे बोलावं? माझ्या लहानपणी आमच्याकडे आंघोळीचं पाणी बंबात तापायचं आणि बंबाच्या ढलप्या वखारीतून यायच्या. घराघरांत शेगडी होती, तिला कोळसा लागायचा. मुंबईचं सरपण आणि कोळसा पिढ्यानपिढ्या ठाणे आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या जंगलांतून आला. कोळशाच्या भट्ट्या लावायला कातकरी कुटुंबं राबली. आमच्या बंबाला कुणी कधी पावती मागितली नाही. आता आमच्याकडे पाइपचा गॅस आला, आणि जंगल कुणी संपवलं याची चौकशी डोक्यावरच्या मोळीपासून सुरू झाली.

आणि कायदा तरी नेहमी त्या माणसाच्या बाजूने आहे का? 2006च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबूसोबत झाडोरा आणि खुंटही येतात. दावा मंजूर झाला की ते गोळा करण्याचा हक्क गावाचा. आपल्याच राज्यात गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. तिथले लोक आपला बांबू आपल्या पावतीवर विकू लागले. ज्या पाड्यावर आम्ही गेलो त्याच्या दाव्याचं काय झालं, हे विचारलं तर पाड्यावरची तरुण मुलं खांदे उडवतात. कागद कुठे अडलाय, कुणाला नीट माहीत नाही.

मला तर सारखे तमिळनाडूचे इरुळा आठवत होते. पिढ्यानपिढ्या साप पकडणारी ही माणसं. 1972चा वन्यजीव कायदा आला, सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि त्यांचं कसब रातोरात गुन्हा ठरलं. 1978मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली. परवाना घेऊन साप पकडायचा, विष काढायचं, साप परत रानात सोडायचा. देशात प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष आज या हातांतून येतं. माझ्या यादीत प्रतिविषाची चौकशी पहिल्या पानावर होती. ज्या माणसांना चोर ठरवायचं, त्यांच्याच जाणतेपणावर आपल्या मुलांचा जीव असतो.

शिबिर रद्द झालं नाही. मीच मत बदललं. न जाण्याने आजींचं सरपण विकलं गेलं नसतं, एवढंच झालं असतं. त्या खाकीवाल्यावरचा रागही मधून मधून ओसरतो. एवढा डोंगर, त्याला एकटा माणूस, उन्हाळ्यात वणवा लागला की हिरवी फांदी घेऊन विझवायला धावणाराही तोच. त्याला वरून कुणी तरी आकडे मागत असेल. असं मी स्वतःला समजावते, आणि मग वेलीवर ठेवलेलं ते बोट आठवतं.

नळ बाजारातून मी नवा कोयता घेतला. मेट्रोत सामान तपासतात म्हणून टॅक्सीने सीएसएमटीला गेले आणि कर्जत लोकलने तो आजींच्या सुनेला पोचता केला. वाटेत मला कुणी अडवलं नाही. बरोबरच्या मुलांच्या पिशव्यांत चाकू होते, त्यांनाही नाही.

टेंपोला नकार देऊन शेजारच्या शेताच्या बांधावरचं वाळकं लाकूड मालकाच्या लेखी संमतीने आजींकडूनच आणवलं. प्रशिक्षकाबद्दल माझं मत सुरुवातीला बरं नव्हतं, महागडी यादी करणारा म्हणून. पण पहिल्या संध्याकाळी दवाने ओलसर झालेल्या गवतावर मुलांची फायर स्टील चालेना, तेव्हा तो स्वतः बाजूला झाला आणि म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही दाखवा.’’ आजींनी सावरीचा कापूस पदराच्या गाठीतून काढला, वारा कुठून येतो ते पाहून चुलीचं तोंड फिरवलं, कारवीच्या बारीक काड्या उभ्या रचल्या. ठिणगी पहिल्याच घासण्यात धरली. कोणतं लाकूड लवकर पेटतं, कोणतं धूर करतं, कोणाचा निखारा पहाटेपर्यंत टिकतो, हे त्या मुलांना सांगत होत्या आणि प्रशिक्षक वहीत लिहून घेत होता.

हिशोब मांडताना मात्र मंडळात पुन्हा खटका उडाला. प्रशिक्षकाच्या नावापुढे ‘मानधन’, आणि आजींना दिलेले सगळे पैसे ‘सरपण व किरकोळ’ या खात्यात. मी म्हटलं, त्यांनी दोन दिवस शिकवलं, त्याचे पैसे वेगळे लिहा. उत्तर आलं, रक्कम तीच आहे, नोंद कशीही असली तरी काय बिघडतं? वही अजून तशीच आहे आणि वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे.

तुम्ही असं शिबिर ठरवत असाल तर जागेच्या भाड्याआधी लाकूड कुठून येतं ते विचारा. टेंपो आणू देऊ नका. पाड्यावरच्या माणसाकडून, मालकाच्या लेखी परवानगीने, मोळीचा पूर्ण दाम देऊन घ्या. त्याच माणसाला मुलांसमोर उभं करा, आणि खर्चाच्या वहीत त्याचं नाव प्रशिक्षकांच्या यादीत लिहा.