खालची तार

मी ऑर्केस्ट्रात नेमकं काय वाजवतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. शिवाजी मंदिरचा प्रयोग संपवून घरी आलो की ताट वाढता वाढता म्हणायची, "दिसलास छान. पण ऐकू कुठे आलास?" ती गाणं शिकलेली, जन्मभर तंबोरा जुळवत बसलेली बाई. खरं तर तिला हे कळायला हवं होतं. पण तंबोरा आणि पोराच्या गळ्यातला तो विजेवरचा सोटा यांचं काही नातं असेल, असं तिला वाटलं नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

अशा ऐकू न येणाऱ्या वाद्यावर मी एका चारचाकीचे पैसे घातले. चारचाकी आमच्याकडे अजूनही नाही.

झालं असं, की 2014 साली आमचा वाद्यवृंद अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या दौऱ्यावर होता. कार्यक्रम शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस कुणाच्या तरी तळघरातल्या पाहुण्यांच्या खोलीत मोकळेच. अशाच एका बुधवारी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एका म्हाताऱ्या वादकाकडे गेलो. त्याची बोटं आखडली होती आणि तो आपला बेस, म्हणजे मी वाजवतो तेच विजेवरचं खालच्या सुरांचं गिटार, विकत होता. मी सवयीने वायर शोधायला लागलो, तर त्याने हात धरला. म्हणाला, आधी असाच वाजव. मग माझी हनुवटी बेसच्या वरच्या शिंगावर टेकवली आणि सगळ्यात जाड तार छेडली. कानाला जेमतेम काही आलं असेल, पण दातांपर्यंत सूर पोचला. आणि तो बराच वेळ तिथून हलेना.

तो होता पाच तारांचा फोडेरा एम्परर. विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी 1983 साली ब्रुकलिनमध्ये हा कारखाना काढला. कारखाना म्हणायचं आपलं, कारण तिथे हातावरच्या कामाला महत्त्व. नवा घ्यायचा तर हजारो डॉलरच्या भाषेतच बोलायचं आणि वर थांबायची तयारी ठेवायची. एम्परर, मोनार्क ही त्यांच्या बेसची नावं फुलपाखरांचीही आहेत. खुंट्यांपाशी शिंपल्यातून कापलेलं एक फुलपाखरू जडवलेलं असतं. आईला घरी आल्यावर नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढे पैसे देऊन नाव काय, तर फोडेरा!"

पाचवी तार कशाला, हा प्रश्न मला चार तारांवर वाढलेल्या दोस्तांनी खूपदा विचारला आहे. साध्या बेसची खालची तार ई ची, साधारण 41 हर्ट्झची. त्याखाली बी लावली की सूर 31 च्या आसपास येतो. पियानोच्या अगदी डावीकडच्या पट्टीपासून जेमतेम दोन पट्ट्या वर. अँथनी जॅक्सन या वादकाचं म्हणणं असं होतं, की बेस जर गिटारच्याच घराण्यातला असेल तर त्याला सहाच तारा हव्यात, चारवर थांबायचं कारण काय? 1975 मध्ये कार्ल थॉम्पसन यांनी त्याला तसा पहिला बेस करून दिला. पुढे फोडेराकडे तो अनेक वर्षं एकामागून एक नमुने घडवून घेत राहिला. आज माझ्यासारखे जे कुणी ई च्या खाली उतरतात, ते त्याच्या त्या हट्टाच्या जिवावर.

पण बी ची तार लावणं सोपं, ती बोलती करणं अवघड. लांबी तीच, चौतीस इंच, आणि तार इतक्या खालच्या सुराला लावायची म्हणजे ती ढिली पडणार, नाहीतर साखळदंडासारखी जाड घ्यावी लागणार. माझ्या पहिल्या पाच तारांच्या बेसवर (कुठला ते सांगत नाही, त्याने मला दहा वर्षं पोसलं) वरच्या चार तारा गात असत आणि पाचवी ढप्प करून बसत असे. पंगतीत चौघे गप्पा मारतायत आणि पाचवा नुसता ढेकर देतोय, तसं. एम्पररवर बी पासून जी पर्यंत एकाच माणसाचा आवाज येतो. मी पैसे मोजले ते यासाठी.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. जवळजवळ प्रत्येक बेसवर एक मेलेली जागा असते. बहुतेक वेळा वरच्या जी तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या, म्हणजे पडद्याच्या, आसपास. तिथला सूर छेडला की लगेच विझतो. तारेत दोष नसतो, वाजवणाऱ्यातही नसतो. नेक, म्हणजे बेसची दांडी, शेवटी एक लांब लाकूड, त्याला स्वतःचं असं एक कंपन असतं. तारेचा सूर नेमका त्या कंपनाला जुळला की लाकूडच ती ताकद पिऊन टाकतं. मग चांगला कारागीर काय करतो? लाकडाच्या उभ्या पट्ट्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवतो, नेक ताठ करतो, वजन इकडचं तिकडे करतो आणि ती जागा अशा ठिकाणी ढकलतो जिथे ती फारशी आड येणार नाही. तिला पूर्ण हाकलता येत नाही. माझ्या बेसवरही ती आहे. कुठे, ते मला माहीत आहे आणि साउंडवाल्याला नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे महाग बेसवर चांगलं वाजतं तर. मुळीच नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे ज्याची बोटं होती, तो जेम्स जेमरसन 1962 चा कारखान्यातून आलेला फेंडर प्रिसिजन वाजवायचा. छेडायचा एका तर्जनीने. तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही. लिओ फेंडरने 1951 मध्ये हा बेस बाजारात आणला तेव्हा तो भराभर, स्वस्तात, एकासारखा एक व्हावा हीच योजना होती. नेक चार स्क्रूंनी बसवायची, बिघडली की दुसरी. आणि त्या योजनेतून निघालेल्या फळीवर त्या माणसाने जे केलं, ते हाताने घडवलेला बेस गळ्यात अडकवून मी सात जन्मांत करणार नाही. उलट एम्परर आल्यापासून माझी मोठी पंचाईत झाली आहे. पूर्वी एखादी जागा घसरली की तारेवर, फ्रेटवर, ओलाव्यावर ढकलता यायची. आता ढकलायला कुणी उरलं नाही.

आणि कौतुक नको तितकं करू नये म्हणून लाकडाचंही सांगतो. माझ्या बेसची बोटांखालची पट्टी शिसवाची आहे. आपल्याच शिसवाची. दक्षिणेकडच्या जंगलातलं लाकूड कापून, सुकवून ब्रुकलिनला गेलं, तिथे त्यावर फ्रेट बसले आणि मी ते विमानातून परत आणलं, वर विमानतळावर कर भरला. माहेरी आलेल्या मुलीकडून दारात टोल घ्यावा तसं वाटलं. पुढे 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि असा बेस परदेशी विकायचा तर परवाने लागू लागले. तयार वाद्यांना सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरअखेर. त्या तीन वर्षांत कारागीर दुसरी लाकडं शोधू लागले, आणि काहींना ती आवडलीही.

मुंबईचा पाऊस मात्र ब्रुकलिनमध्ये कुणी हिशेबात धरला नसावा. जुलैत हवा इतकी ओली, की नेक हमखास हलते. कधी पुढे वाकते, कधी मागे. मी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरतो आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघतो. जेमतेम सरकलं तर ठीक. नाहीतर आतल्या लोखंडी सळईला पाव फेरा आणि रात्रभर वाट. एकदम अर्धा फेरा देणाऱ्याच्या हातात असलं वाद्य देऊ नये.

माझ्या हातूनही घोडचूक झाली आहे. असल्या बेसच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोचली की ती चालू होते. वाजवत नसलात तरीही. गणपतीतल्या एका कार्यक्रमाआधी तालमीनंतर मी वायर तशीच ठेवली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ऐन रंगात आलेल्या गाण्यात आवाज फाटायला लागला. बॅटरीला वगळणारी पॅसिव्हची कळ दाबून वेळ मारून नेली, पण ती दाबायचं सुचेपर्यंत आख्खा अंतरा गेला होता. ढोलकीवाल्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. चारचाकीच्या पैशांचा बेस, आणि चहा-वड्याइतक्या बॅटरीने मला आडवं केलं.

आई गेल्यावर तिचा तंबोरा वर्षभर तसाच उभा होता. जव्हारी, म्हणजे सुराला घुमारा देणारी घोडीची घासण, पार गेली होती. तो घेऊन मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. दुसऱ्या दिवशी सांगलीत कार्यक्रम होता, म्हणून बेसही बरोबर होता. कारागीर साठीचे. त्यांनी घोडी काढली, तारेच्या अंगाने कानस अशी फिरवली की नजरेला काही कळू नये, परत बसवली, दोरा सरकवला, ऐकलं, परत काढली. असं किती वेळा ते मी मोजायचं सोडलं. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचा भाव काय झालाय, हे मधेमधे सांगत होते. अखेर षड्ज उघडला तेव्हा ते थांबले आणि मी उगाच चप्पल शोधायला लागलो.

मग त्यांनी माझ्या बेसची पेटी बघितली. "ह्यात काय?"

मी बेस काढून दिला. त्यांनी आधी पाठीवर बोटाने टकटक केलं. "भरीव हाय की हो. मग आवाज येतो कुठनं?" मी म्हणालो, तसा फारसा येत नाहीच. त्यांनी खालची तार छेडली आणि मी काही न सांगताच स्वतःचा कान लाकडाला लावला. बराच वेळ तसेच राहिले. नंतर बेस डोळ्यासमोर आडवा धरून, एक डोळा मिटून, खुंट्यांकडून पार टोकापर्यंत नजर टाकली. क्वीन्सच्या म्हाताऱ्याने विकताना शेवटची नजर टाकली होती ती अश्शीच.

"दांडी सरळ आहे," ते म्हणाले आणि तंबोऱ्याचे पैसे सांगितले.