शिशाचे गॉब्लिन आणि एक्सेल शीट

शिशाचं वजन उचलल्याशिवाय कळत नाही. बुटाचं खोकं समजून मी एका हाताने ओढायला गेलो आणि खांदाच उतरायचा बाकी राहिला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ऑर्क, गॉब्लिन, ड्वार्फ, चेटके आणि एक पंख तुटका ड्रॅगन. अशी चार खोकी. एकूण २१४ नग (हो, मोजले).

तर झालं असं, की नॉटिंगहॅमला ऑनसाइट येऊन मला दीड वर्ष झालं. घरमालकीणबाई सत्तरीच्या. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणतो, तोंडावर मात्र नावाने, कारण इथे तशीच पद्धत. काका गेल्या वर्षी गेले. ते रॅलेच्या कारखान्यात होते (आपल्या आजोबांची सायकल, तीच रॅले; इथला कारखाना २००२ मध्ये बंद झाला). काकू आता घर विकून मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये जाणार. एका व्यापाऱ्याने सगळ्या खोक्यांचे मिळून २५० पौंड देऊ केले होते. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाला. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा, बरोबर आहे का," काकू म्हणाल्या. प्रिंटरपासून ड्रॅगनपर्यंत सगळं आयटीवाल्याला येतं हा समज जागतिक आहे.

ही खोकी नॉटिंगहॅममध्येच निघावीत यात नवल काही नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली ती जवळच्याच न्यूअर्क गावात. ब्रायन अ‍ॅन्सेल हा तिचा कर्ता माणूस. १९८३ मध्ये वॉरहॅमर हा खेळ आला आणि गावातली पोरं पगार झाला की शिसं विकत घ्यायला लागली. आजही या धंद्यातल्या इतक्या कंपन्या या भागात आहेत की याला 'लेड बेल्ट' म्हणतात.

ओळखायचं कसं? चेहरा नंतर, आधी पाय बघायचे. पायाखाली चकती मूर्तीसोबतच ओतलेली असेल तर साधारण १९८० च्या दशकाच्या मध्याआधीचा माल. पायाखाली पट्टी असेल आणि ती प्लॅस्टिकच्या बैठकीच्या खाचेत बसवलेली असेल, तर त्यानंतरचा. या पट्टीवरच बहुतेकदा नाव, कंपनी आणि कधी साल कोरलेलं असतं. बैठक उलटी करायची, टॉर्च तिरका मारायचा आणि वाचायचं. नाव नसेल तर जुन्या कॅटलॉगांची स्कॅन केलेली पानं आणि आपण. सी ०१ म्हणजे फायटर्स, सी ०२ विझर्ड्स, सी ३५ केऑस वॉरियर्स. तिसऱ्या रात्री मला केव्ह अ‍ॅडम्सचे गॉब्लिन नुसत्या नाकावरून ओळखू यायला लागले. ऑफिसात दुसऱ्याचा कोड इतक्या प्रेमाने कधी वाचला नव्हता :)

किमतीचं गणित सोपं आहे, फक्त धीर पाहिजे. लिलावाच्या साइटवर लोक काय मागतात ते बघायचंच नाही; काय भावाने खरंच विकलं गेलं ते बघायचं. मागितलेली किंमत म्हणजे आपला एक्स्पेक्टेड सीटीसी. आणि 'उत्पादन बंद' लिहिलं म्हणजे दुर्मीळ झालं असं नाही. १९८७ च्या प्लॅस्टिक स्पेस मरीन्सची पेटी कधीच बंद झाली, पण एका पेटीत तीस नग होते आणि पेट्या ढिगाने खपल्या. उलट निक बिबीने घडवलेला मोठा ड्रॅगन पूर्ण असेल, पेटीसकट असेल, तर एकटाच बाकीच्यांना भारी पडतो. आमच्याकडचा एकपंखी. असो.

काही ऑर्कांवर पांढरी भुकटी आली होती. ही शिशाची कीड. ओकच्या कपाटातून, पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद जागेत शिसं खाते. ती भुकटी विषारी, त्यामुळे हातमोजे घालून ते नग वेगळे काढले आणि शीटमध्ये शून्य लिहिलं.

सावधपणे धरूनही बेरीज १३०० पौंडांच्या वर गेली. व्यापारी चोर होता असं मात्र मी म्हणणार नाही. ओळखायचं, फोटो काढायचे, पाकिटं करायची, पोस्टात उभं राहायचं, आणि वर निम्मा माल पडून राहणार. माझे तासच मोजले तर तो स्वस्त पडला असता.

खरा प्रश्न रंगाचा होता. काकांनी सगळं जाड एनॅमलने रंगवलेलं. बाजाराला असला रंग आवडत नाही; धातू उघडा केला की भाव वाढतो. धातूवरचा रंग काढायला इथे चक्क डेटॉल वापरतात! (अ‍ॅसिटोनही चालतं, पण प्लॅस्टिक वितळतं.) मी बाटली आणूनही ठेवली होती. अकरा गॉब्लिनांच्या बैठकीखाली कागद चिकटवलेला होता. पट्टी वाचायची म्हणून एक सोडवला, तर त्यावर शाईने एका माणसाचं नाव. दुसऱ्यावर दुसरं. काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, एकेक उलटा केला आणि हसायलाच लागल्या. कारखान्यातली काकांची अख्खी पाळी होती ती! ज्याची टोपी हिरवी तो फोरमन. ज्याला दात नाहीत तो लग्नात त्यांचा बेस्ट मॅन. चाळीस वर्षं हे खोकं जिन्याखाली होतं आणि त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

"यांचे किती येतील?" त्यांनी विचारलं.

"रंग काढला तर अकरांचे साठ-सत्तर."

"आणि न काढता?"

"तीस."

त्यांनी अकराही उचलून चहाच्या ट्रेमध्ये ठेवले आणि स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी शीटमध्ये एक कॉलम वाढवला: विकायचे नाहीत. डेटॉल बाथरूममध्ये गेलं. व्यापाऱ्याला त्यांनी गुरुवारीच फोन करून नाही सांगितलं.

बाकीचे आहेत त्या रंगात, दर रविवारी दहा-दहाच्या लॉटने टाकतोय. केऑस वॉरियर्स पहिल्याच आठवड्यात गेले, अंदाजापेक्षा बारा पौंड जास्त. ड्रॅगनचा दुसरा पंख काकू अजून शोधताहेत; काल माळ्यावर चढल्या होत्या.