आमच्या घरची चाल

१९८०च्या आगेमागे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांत आम्ही लहानाचे मोठे झालो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी टेप आला तेव्हा शेजारपाजार गोळा झाला होता. कुणाकडे तो हैदराबादेहून आला, कुणाकडे लग्नात, कुणाकडे कापसाचे पैसे हातात पडल्यावर. पहिला आठवडा विकतच्या कॅसेटी वाजल्या. मग एखाद्या चौकस पोराला लाल ठिपक्याचं बटण दिसलं. ते एकटं दाबून भागत नसे, प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही एकदम दाबावी लागत. ती दाबली गेली आणि आमच्या घरांतल्या बायका गायिका झाल्या. आधीही त्या गातच होत्या, पण आता त्यांच्याकडे तोंड करून कुणी बसू लागलं.

काय गायचं हे विचारायची वेळ कधी आली नाही. जनाबाईच. ती गंगाखेडची, आमच्याच जिल्ह्यातली. गोदावरीकाठच्या त्या गावात तिचं मंदिर आहे आणि आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. दामा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी पंढरपुरात राहिली, तिथंच तिनं दळलं, कांडलं, शेण गोळा केलं, आणि १३५० साली नामदेवांबरोबरच ती गेली, असं परंपरा सांगते. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत. महाराष्ट्राला ती संत. आमच्या आजीला ती माहेरची बाई. ‘आपली जनी’ असंच आजी म्हणायची, जशी एखादी लांब दिलेली बहीण.

सगळ्यात जास्त वेळा टेपवर गेला तो विठोबाला लेकुरवाळा करून टाकणारा तिचा अभंग. एक संत खांद्यावर, एक कडेवर, एकाचा हात धरलेला, असं ते भरलं घर. परभणी आकाशवाणी लागायची १३०५ किलोहर्ट्झवर, आणि सकाळच्या भक्तिगीतांत अभंग ऐकू यायचे. त्या चालींना पेटी-तबला असायचा, धृपद फिरून फिरून यायचं आणि तीन-चार मिनिटांत सगळं आटोपायचं. आम्हा पोरांना तीच खरी चाल वाटायची. आजीची मात्र निराळीच. शब्द तेच, पण ती ते जात्यावर घेऊन जायची. आठ अक्षरांचा चरण जात्याच्या फेऱ्यात चपखल बसतो; पहिला चरण खुंटा आपल्याकडे ओढताना, दुसरा तो पलीकडे जाताना. मधेच ती ‘बाई’ घालायची, दुसरा चरण दोनदा घ्यायची आणि तिसऱ्या कडव्यानंतर सरळ आपल्या भावाची एखादी ओवी जोडून द्यायची. विठोबाच्या कडेवर मग मामाही जाऊन बसायचा. आणखी एक गोष्ट रेडिओवर कधीच ऐकू आली नाही: ठरावीक ठिकाणी ती थांबायची. तालाच्या हिशेबानं तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. ती जागा जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालायची होती.

तोवर आमच्या घरचं जातं अंगणात उताणं पडलं होतं. विजेची गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती आणि जवारीचा डबा डोक्यावर घेऊन तिथं जायचं काम आम्हा पोरांचं होतं. पण टेपसमोर भिंतीला टेकून बसलेल्या आजीचा उजवा हात मांडीवर गोल फिरत राहायचा आणि मूठ घालायच्या जागी डावा हात उचलला जायचा. काकू म्हणायची, ‘आत्या, हात थांबवा, बांगड्या वाजू लागल्यात टेपमदी.’ आजी हात थांबवायची आणि चाल तिथल्या तिथं विस्कटायची. शेवटी बांगड्या राहू दिल्या. आज त्या कॅसेटवर तालाला दुसरं काहीही नाही.

त्या टेपांची एक खोड आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यामागचं उत्तर आम्हाला फार उशिरा मिळालं. आजी गाताना तिचाच आवाज येई, पण ती थांबली की कावळा, पंखा, दूरची सायकल, शेजारच्या घरातली फोडणी असं सगळं एकदम अंगावर येई. रेकॉर्ड करताना टेप आवाजाची पातळी आपोआप सांभाळत असे. गाणं मोठं असलं की तो कान आखडून घेई आणि शांतता आली की कान ताणून जे मिळेल ते आत ओढी. म्हणून वैरण घालण्याच्या त्या प्रत्येक जागी आज आमचं सगळं घर ऐकू येतं. एका थांब्यात आबा, आमचे आजोबा, पाणी मागतात, दुसऱ्यात कुणी तरी ‘चालू हाय का बंद पडला?’ विचारतं. टेप लावणाऱ्याला गाणं टिपायचं होतं. आमच्या हाती त्याच्या फटीतला संसारही लागला.

दुसरी अडचण विजेची. लाइट गेली की मोठे सेल घालायचे. ते उतरत आले की फीत हळू फिरे आणि तसंच रेकॉर्डिंग होई. पुढे लाइट असताना ती कॅसेट लावली की फीत नेटक्या वेगानं पळे आणि सत्तरीची आजी सोळा वर्षांच्या पोरीच्या आवाजात गाऊ लागे. आबांना ते ऐकायला फार आवडायचं. लग्न होऊन आली तेव्हा ही अशीच बोलायची, असं ते म्हणत.

जनाबाईची एक गोष्ट आजी सेल थंड होईपर्यंत सांगायची. कबीर पंढरपुरात तिला भेटायला येतात, तर ती गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत असते. कुठल्या गोवऱ्या कुणाच्या, हे ओळखायचं कसं? जनी म्हणते, कानाला लावा, विठ्ठलाचं नाव ऐकू येईल त्या माझ्या. सनावळीत कबीर जनीच्या बरेच नंतरचे, पण आजीचं त्यावाचून काही अडत नव्हतं. शेणाला हात लावताना जे ओठांवर होतं ते शेणात उतरलं, हे तिला साधं सरळ वाटायचं. टेपचंही तिला नवल वाटलं नाही, ते यामुळेच असावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या या घरगुती खटाटोपाच्या आसपासच पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हजारावर गावांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आमच्या जिल्ह्यातलं ताडकळसही त्यात आहे. ताडकळसचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा उठून फेऱ्या मारू लागलो. वैरणीची जागा तिथंही होती.

चाल एका जागी थांबली मात्र नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणीवरून दैठणा, गंगाखेड असा रस्ता धरते. काकूचं माहेर दैठण्याचं. टाळकऱ्यांची पावली तिच्या कानात लहानपणापासून मुरलेली. आजीनंतर तोच अभंग काकूनं टेपवर म्हटला तेव्हा जातं गेलं आणि पावली आली. गती वाढली, ‘बाई’ गळली, भावाची ओवी मात्र तशीच राहिली. त्या वेळी कुणी तिला नवी चाल बांधली असं म्हणालं नाही. मी म्हणतो, ती बांधलेलीच चाल होती, आणि चांगली होती.

आता या सगळ्या कॅसेटी माझ्या भाचीच्या हाती आल्या आहेत. फितीला बुरशी, दाबपट्टीचा स्पंज गळालेला. तिनं त्या नव्या खोक्यात बसवल्या आणि इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात उतरवल्या. खरा वेग शोधायची तिची पद्धत ऐकून मी थक्क झालो. विजेवर झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये खाली एक बारीक घूं असते. आपली वीज पन्नास हर्ट्झची. ती घूं त्रेपन्नवर आली तर फीत रेकॉर्ड होताना हळू होती, तेवढं मागं खेचायचं. सेलवरच्या टेपात ही घूं सापडली नाही. पण एका टेपच्या शेवटी आरती आहे आणि देवघरातली घंटा वाजते. ती घंटा आजही घरात आहे. भाचीनं ती वाजवली, दोन्ही स्वर जुळेपर्यंत टेपचा वेग कमी केला, आणि आजी पुन्हा सत्तरीची झाली.

आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर तिच्याकडे आहे. कावळा, पंखा, फोडणी, सगळं पुसता येतं. मी तिला ते करू दिलं नाही, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे. गाणं ऐकायचं असेल तर उत्तमोत्तम गायकांनी गायलेले अभंग बाजारात आहेत. आपल्याकडे जे आहे ते कुठंच नाही.

गेल्या आषाढात भाचीनं खोलीचं दार लावून, खिडकीला दुलई टांगून, मोबाइलवर स्वतःचा अभंग रेकॉर्ड केला. खाली तंबोरा, बाकी काही नाही. चाल निम्मी आजीची, निम्मी तिची. पहिल्या कडव्यात तिनं वैरणीच्या जागा जशाच्या तशा ठेवल्या आहेत, पुढे त्या लांबवत नेल्या आहेत, आणि एका जागी आजीचा टेपवरचा आवाज आत येऊन भावाची ओवी म्हणून जातो. थोरल्या दादाला तबला हवा होता, त्याची चर्चा दोन दिवस चालली.

फाइल सगळ्या नातेवाइकांना गेली. संध्याकाळी जिंतूरहून आत्याचा फोन आला. पोरीचा गळा चांगला आहे, पण आईची चाल अशी नव्हतीच, असं तिचं म्हणणं. तिनं फोनवर म्हणून दाखवली. ती खरोखरच वेगळी होती. दुसरा चरण वर न जाता खाली उतरत होता. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा घरात टेप नव्हता, म्हणजे ती चाल आमच्या सगळ्या कॅसेटींच्या आधीची. भाचीनं लगेच विचारलं, ‘आत्याआजी, थांब, फोन ठेव, मी परत लावते आणि रेकॉर्ड करते, चालेल?’ आत्या म्हणाली, ‘कर की. पण सेलूच्या मावशीलाही विचार, तिला अजून एक येते.’